गवताचा घाम उतरेपर्यंत

नव्या गवताला दोन वास असतात. कापून वाळत घातलं की पहिला येतो, आणि तो सगळ्यांना आवडतो. आमच्या सोसायटीत माळी हिरवळ कापतो तेव्हा शेजारच्या बायका गॅलरीत येऊन डोळे मिटून तो वास घेतात आणि 'किती छान' म्हणतात. दुसरा वास त्यांच्या नाकाने कधी घेतलेला नाही. गवत रचून ठेवलं की काही दिवसांनी गंजीच्या पोटातून तो यायला लागतो, गोडसर, जरासा तंबाखूसारखा, जरासा आंबल्यासारखा. तो वाईट वाटत नाही, उलट ओढ लावतो. घोड्यांना तर फारच. आमची रंगी त्या वासाने दावं तोडायला निघायची. माझी माय मात्र तो वास आला की हातातलं काम टाकून उठायची आणि म्हणायची, "घाम आहे अजून. उतरू दे." माझं लहानपण त्या दुसऱ्या वासात राहून गेलं आहे. मला तो आता कुठेच मिळत नाही आणि मिळावा असं फार वाटतं.

आम्ही मूळचे विणकर. तांडापेठेकडच्या आमच्या गल्लीत घरोघरी माग होते. सकाळी चूल पेटायच्या आधी त्यांची खटक-खटक सुरू व्हायची ती दिवेलागणीलाच थांबायची. आमच्या घरात मात्र मागाचा नुसता खड्डा उरला होता. सूत मिळेना, मिळालं तर परवडेना, म्हणून बाबांनी माग मोडून टांगा घेतला होता आणि त्या खड्ड्यात माय घोडीच्या हरभऱ्यांचं पोतं ठेवायची. विणकराच्या पोराने लगाम धरला याचं गल्लीला इतकं नवल की सगळे बाबांना 'सरदार' म्हणून चिडवायचे. बाबा वरवर वैतागायचे. मनातून त्यांना ते आवडायचं असा माझा पक्का संशय आहे, कारण टांगा जुंपताना ते फेटा उगाच दोनदा बांधायचे. माय शेजारणींच्या मागांसाठी सुताच्या कांड्या भरून द्यायची आणि घोडीचं पोट सांभाळायची. बाबांनी घोडी हाकायची, मायने तिला खाऊ घालायचं, ही वाटणी कोणी ठरवली नव्हती, पण ती मोडायची कोणाची छाती नव्हती.

रंगी फिक्या तपकिरी रंगाची होती, कपाळावर पांढरा ठिपका आणि स्वभावाने अतिशय मानी. माय तिला 'थोरली' म्हणायची. म्हणजे मी धाकटी. घरातली एकुलती एक मुलगी असून मी धाकटी होते याचा मला बरीच वर्षं राग होता. रंगीची जागा माझ्या अंथरुणाच्या भिंतीपलीकडे, त्यामुळे तिचं चावणं ऐकतच मी झोपायचे. एका लयीत कर्र कर्र, मध्येच फुर्रकन नाक झाडणं, पुन्हा कर्र कर्र. आता झोपेसाठी गोळी घ्यावी लागते आणि डॉक्टर विचारतात, पूर्वी झोप कशी होती? त्यांना काय सांगणार? सकाळी माय तिच्यासाठी डब्यात हरभरे भिजवायची. त्यातले मूठभर चोरून, मीठ-तिखट लावून मी खायचे. माय बघायची आणि म्हणायची, "तुह्याही नावाचा तोबरा शिवू काय वं?" तोबरा म्हणजे घोड्याच्या तोंडाला बांधायची चंदीची, भिजवलेल्या दाण्याची पिशवी. मी खरंच हो म्हटलं असतं.

रंगीच्या आधी बाबांकडे राजा नावाचा घोडा होता. मी त्याला पाहिलं नाही, पण तो आमच्या घरात मेलेल्या भावासारखा होता; त्याचं नाव निघालं की बोलणं थांबायचं. टांगा घेतला तेव्हा बाबांना घोड्याबद्दल मागावरच्या धोट्याला कळेल तेवढंच कळत होतं. दिवाळीच्या सुमाराला बाजारात नवं गवत आलं, छान हिरवट, मऊ, वासाचं. बाबांनी ते आणून त्याच दिवशी राजाच्या पुढे टाकलं आणि राजाने ते अधाशासारखं खाल्लं. दुसऱ्या दिवशी त्याचं पोट नगाऱ्यासारखं झालं. तो जमिनीवर लोळत राहिला, स्वतःच्याच कुशीकडे वळून वळून बघत राहिला आणि संध्याकाळपर्यंत संपला. बाबांना पुन्हा दुसऱ्याच्या मागावर जाऊन बसावं लागलं. रंगी घरात यायला मग फार काळ गेला. नवी नवरी असलेल्या मायने त्या दिवशी एक गोष्ट पाहून ठेवली होती. राजाच्या पुढचं उरलेलं गवत गोळा करताना ते तिच्या हाताला गरम लागलं होतं, चुलीवरून उतरवून ठेवलेल्या भांड्यासारखं.

त्यातून तिने तिचं शास्त्र बसवलं. गवत कापलं म्हणून लगेच मरत नाही, असं तिचं म्हणणं. त्याच्यात जीव राहतो, रचलं की तो आत कोंडतो, तापतो, घाम गाळतो. तो सगळा गळून गंजी आतपर्यंत निवली, वास कोरडा झाला, की मगच ते घोड्याच्या पोटात जाऊ द्यायचं. याला महिना-दीड महिना लागतो, ओलं रचलं असेल तर जास्तच. घोड्याला उलटी होत नाही, पोटात गेलं ते गेलं, म्हणून घाई करायची नाही. नवं गवत विकत घेतलं की ती बांगड्या मनगटावरून वर सारायची, खांद्यापर्यंत हात गंजीत खुपसायची आणि डोळे मिटून तशीच उभी राहायची, कोणाच्या तापाचा अंदाज घ्यावा तशी. मग हात काढून, बोटं हुंगून निकाल द्यायची. गवतवाले तिला घाबरायचे. एकाने तर विचारलं होतं, "बाई, गवत घेता का त्याले मुलगी देता?"

माझं आजोळ कुहीकडचं. तिथलं एकच दार मायसाठी उघडं होतं, ते लहानूमामाचं. आईबाप लवकर गेले, तेव्हा मायनेच त्याला वाढवलं होतं. तिच्या लग्नात तो तिच्या पदराला धरून टांग्यात चढला होता म्हणे आणि त्याला उतरवताना सगळ्या वऱ्हाडाची दमछाक झाली होती. मोठेपणी तो धानाची थोडीशी शेती करायचा, बैलांवर जीव टाकायचा, मोठ्याने हसायचा. दर भाऊबीजेला तो यायचा. मायला काय आणायचा ते सोडा, रंगीसाठी गुळाचा खडा आणायचा आणि माझ्यासाठी उकडलेले शिंगाडे. आमच्याकडे रीत अशी की भावाने जे आणलं ते त्याच्या डोळ्यांसमोर वापरायचं. लुगडं आणलं तर नेसून दाखवायचं, खाऊ आणला तर त्याच्यासमोर तोंडात घालायचा. उद्यावर ठेवलं तर भावाला कमी लेखलं असा अर्थ.

त्या वर्षी पावसाने दसरा ओलांडला तरी पाय काढला नाही. गवताच्या खोलीवरचं एक कौल सरकलं होतं, ते कोणाच्या लक्षात आलं नाही आणि जुन्या गवताचा खालचा सगळा थर बुरशीने काळा पडला. मायने तो उचलून उकिरड्यावर टाकला. उरलं ते दिवाळीच्या बरंच आधी संपलं. दिवाळी म्हणजे टांगेवाल्यांची सुगी. स्टेशनवरून इतवारी, गांधीबागेतून महाल, कापडाचे गठ्ठे मांडीवर घेतलेली बिऱ्हाडंच्या बिऱ्हाडं टांग्यात बसायची. रंगीला काम दुप्पट आणि पोटाला कमी. धानाचं तनस आणि हरभऱ्याचं कुटार, असल्या पेंढ्या-भुशावर माय तिला कशीबशी ओढत होती. तिच्या बरगड्या दिसायला लागल्या. बाजारात नवं गवत येऊ लागलं होतं, आणि एका सकाळी बाबा हळूच म्हणाले, "अवं, एक पेंढी देऊन त पाहू. सगळेच घालून राहिले."

"सगळ्यायचा राजा नाही मेला," माय म्हणाली. बाबांनी टांगा जुंपला आणि निघून गेले.

भाऊबीजेच्या दिवशी मायने सकाळपासून गोळाभाताचं मांडलं होतं. तो करताना ती कोणाशी बोलायची नाही, कारण भातातले डाळीचे गोळे फुटले तर बोलणाऱ्यावर खापर. कोथिंबिरीच्या सांबारवड्या तळून झाल्या होत्या, कढीला फोडणी बसली होती, अनारसे दोन दिवसांपूर्वीचे. दुपार कलायला लागली तरी मामाचा पत्ता नव्हता. माय दर थोड्या वेळाने दारात जाऊन येत होती आणि आपण सहज गेलो असं दाखवत होती. मग गल्लीच्या टोकाला बैलांच्या घुंगरांचा आवाज आला. कौलांना टेकेल इतकी उंच गवताची गाडी येत होती, वर ताडपत्री आवळलेली, आणि पुढे बैलांच्या शिंगाला हात लावून मामा चालत होता. दारासमोर गाडी थांबवून तो ओरडला, "बाई, यंदा ओवाळणी तबकात मावत नाही वं!"

सगळी गल्ली गोळा झाली. माग थांबले. आमच्या गल्लीत दिवसा माग थांबले म्हणजे कोणी तरी जन्मलं किंवा मेलं. समोरच्या ठमाबाई कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "भाऊ असावा त असा." आमचं गवत सडलं हे मामाला कुहीच्या बाजारकरूंकडून कळलं होतं. त्याने बांधाबांधावरचं, पडकातलं गवत स्वतः कापलं होतं, मधल्या उन्हाच्या दिवसांत वाळवलं होतं, आठवडाभर ते गाडीतच रचत गेला होता आणि भाऊबीज चुकू नये म्हणून रातोरात निघाला होता. वाटेत भुरभुर लागली म्हणून ताडपत्री घट्ट आवळली होती. हे सगळं तो हसत हसत सांगत होता आणि माय ऐकताना डोळ्यांना पदर लावत होती. मग त्याने ताडपत्रीची दोरी सोडली. मी मायकडेच बघत होते. तिचं हसू तसंच राहिलं, फक्त नाकपुड्या किंचित हलल्या.

तिने ओवाळलं. मामाला टिळा लावला, मग रीतीप्रमाणे रंगीलाही लावला. मामाने गाडीच्या मधूनच एक जाड पेंढी ओढली आणि रंगीकडे निघाला. रंगीने मान इतकी लांब केली की दावं ताणून वाजलं. कित्येक दिवस ती तनसावर होती, आणि तिच्या नाकाला तो गोड वास लागला होता.

"लहानू, थांब जरा," माय म्हणाली आणि दोघांच्या मध्ये जाऊन उभी राहिली. तिने बांगड्या वर सारल्या, गाडीशी गेली आणि खांद्यापर्यंत हात गवतात घातला. डोळे मिटले. हात बाहेर काढला तेव्हा त्यावर ओलसर काड्या चिकटल्या होत्या.

"आत आंगार आहे गा. आजच नको."

मामाला आधी ती थट्टा वाटली. "माह्या बैलायनं वाटभर हेच खाल्लं बाई. पाय न, कसे उभे आहे."

"बैल रवंथ करते. घोड्याचं तसं नसते. घाम उतरला का मी स्वतः घालीन तिले."

"आज काहून नाही?"

"घोडी मरीन."

मामाचं हसू गेलं. पेंढी हातात तशीच होती. "तू बाजारातल्या गवतात असा हात घालतं, मी पायलं आहे," तो म्हणाला. "व्यापारी फसवते म्हणून घालतं. मंग माह्या गवतातही घातला? लोकायसमोर?"

"तुह्या मनात खोट नाही, गवतात आहे."

"एकेक मूठ निवडून कापली मी, बाई."

"माहीत आहे."

"तरी?"

"तरी," माय म्हणाली.

बाबांनी मध्ये पडायचा प्रयत्न केला, पण मामाने त्यांच्याकडे पाहिलंही नाही. त्याने सगळी गाडी एकट्याने अंगणात रिकामी केली, कोणाला हात लावू दिला नाही. माय म्हणाली, "जेवून त जाय. गोळाभात केला आहे." तो म्हणाला, "ओवाळणी घेतली नाही, मंग जेवण कशाचं?" आणि कपाळावरच्या ताज्या टिळ्यासकट त्याने गाडी वळवली. माय दारातच उभी होती. तिने हाक मारली नाही. गवताने तिच्या हातावर पुरळ उठलं होतं आणि ती हात खाजवत उभी होती.

मी तेव्हा पंधरा-सोळा वर्षांची असेन, आणि त्या वयात कोण चुकलं हे आपल्याला स्वच्छ दिसतं. मी मामाच्या बाजूची होते. गोळाभात कोणी खाल्ला नाही, तेव्हा मी मायला फाडकन विचारलं, की पेंढी घेऊन बाजूला ठेवता आली नसती का? गोड बोलून, उद्या घालते म्हणून? माय म्हणाली, "त्याच्या हातातली पेंढी अन् तिचं तोंड, मधी वीतभर जागा होती. तेवढ्या जागेत मले 'नाही'च सापडलं." मग ती उठली, पदर खोचला आणि त्या ढिगावर तुटून पडली. रचलेलं राहिलं तर पेटायचीही भीती होती. आम्ही सगळं गवत उकलून अंगणात, गल्लीत, कौलांवर पातळ पसरत गेलो. वरचं हिरवं सरलं आणि मधलं उघडं पडलं तेव्हा त्यातून वाफ निघाली. मधला भाग तपकिरी पडला होता, काही ठिकाणी काळा. ठमाबाई हात लावायला पुढे आल्या आणि हात झटकत मागे सरल्या. त्यानंतर त्यांनी भावाबद्दल काही म्हटलं नाही, आणि आमच्याबरोबर गवत पसरायला लागल्या. मायचं बरोबर होतं. पण त्या दिवशी आमच्या घरात बरोबर असण्याचा कोणाला काही उपयोग नव्हता.

त्यानंतरचे दिवस मला सगळ्यांत जास्त आठवतात. काळं पडलेलं गवत फेकून दिलं, चांगलं उरलं ते वाळवून, हलकं रचून खोलीत ठेवलं. रंगीला जगवायला मी आणि माय नाग नदीच्या काठाने हराळी कापत फिरायचो. तेव्हा त्या नदीत पाय बुडवता येत असत, हे आज कोणाला सांगितलं तर हसतील. दव असायचं, म्हणून उन्हं वर आल्यावर निघायचो. विळ्याची किरकिर, मायच्या बांगड्या, पलीकडे धोब्यांचे आवाज. माय कापता कापता कुहीच्या गोष्टी सांगायची, लहानू कसा धानाच्या बांधीत बेडकांमागे पळायचा, कसा तिच्याशिवाय जेवत नसे. मामा आता परत येणार नाही असं तिला वाटत होतं आणि ते ती बोलून दाखवत नव्हती. परत येताना हराळीचा भारा तिच्या डोक्यावर, विळे माझ्या हातात, आणि घरी पोचायच्या आधीच आमच्या पावलांच्या आवाजावर रंगी खिंकाळायची. माझ्या आयुष्यात पुढे बरंच काही चांगलं झालं. तरी मला एक सकाळ परत देतो असं कोणी म्हटलं तर मी त्यातलीच एक मागेन.

माय रोज गवताच्या खोलीत जाऊन हात घालायची. हळूहळू तो गोड वास पातळ होत गेला. मार्गशीर्ष संपता संपता एक दिवस तिने हात काढला, हुंगला आणि मला म्हणाली, "ये, तू पाय." मी खांद्यापर्यंत हात घातला. आत थंड होतं, कोरडं, आणि काड्या बोटांना कुरकुरीत लागत होत्या. बाबा लगेच पेंढी उचलायला गेले. माय म्हणाली, "नाही. त्याच्या हातानं जाईन पयली."

कुहीकडून येणाऱ्या बाजारकरूंबरोबर निरोप गेला, की गवत निवलं, येऊन घाल. उत्तर आलं, धानाची मळणी आहे. दुसरा निरोप गेला. त्याला उत्तरच आलं नाही. इकडे खोलीभर उत्तम गवत आणि दाराशी हाडं दिसणारी घोडी. बाबांचा संयम सुटला. "घोडी उपाशी अन् गवत देव्हाऱ्यात," ते म्हणाले. "तुमचं बहीणभावायचं संपू द्या आता." माय दिवसभर कांड्या भरत राहिली. संध्याकाळी कांड्या बाजूला सारून म्हणाली, "उद्या टांगा जुंपा. कुहीले जाऊ."

पौष लागला होता. लग्नं नाहीत, सवाऱ्या नाहीत, टांगा तसाही रिकामाच उभा राहायचा. तरी आम्ही आमच्याच टांग्यात सवारीसारखे बसलो ही केवढी गोष्ट होती! मायने ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं आणि ती इतकी अवघडून बसली होती की बाबा मागे वळून म्हणाले, "कुठी उतरायचं आहे बाई?" ती हसली. भाऊबीजेनंतर पहिल्यांदाच. सीटखाली मामाच्या गवताच्या पेंढ्या बांधल्या होत्या. उमरेडच्या रस्त्याने आम्ही रंगीच्या कलाने जात होतो, चढ आला की उतरून चालत होतो. दोनदा थांबून तिला पाणी पाजलं, चंदी दिली. मग रस्ता आत वळला आणि दोन्ही बाजूंनी कापलेल्या धानाच्या बांध्या सुरू झाल्या. माय ताठ झाली. एकेका झाडाकडे ती ओळखीच्या माणसाकडे बघावं तशी बघत होती.

मामा खळ्यावर होता. टांगा पाहून त्याने हातातलं खाली ठेवलं, पण पुढे आला नाही. माय उतरली, सीटखालून एक पेंढी ओढली आणि सरळ त्याच्यासमोर जाऊन ती धरली.

"घे. आता घाल तिले."

"तपासली काय?" मामाने विचारलं. आवाजात कडवटपणा होता, पण नजर रंगीच्या बरगड्यांवर गेली होती.

"तपासली. पुढंही तपाशीन. तू आणलं तरी तपाशीन." मायने पेंढी आणखी पुढे केली. "लहानू, तू रागावला त कधी ना कधी येशीन, एवढं मले माहीत होतं. पण तुह्या हातच्या पेंढीनं घोडी मेली असती, त तू शरमेनं माह्या दारात पाय टाकला असता काय? जलमभर नाही टाकला असता. मले घोडीचं भेव नव्हतं रे. घोडी दुसरीही मिळाली असती."

मामाने पेंढी घेतली, सोडली आणि रंगीपुढे धरली. रंगीने आधी हुंगलं, वरच्या ओठाने एक काडी चाचपली आणि मग खायला लागली. कर्र कर्र. मामाने तिच्या मानेवर तोंड टेकवलं आणि बराच वेळ वर केलंच नाही. बाबा खाकरून म्हणाले, "चाल वं विमले, आपण धान पाहू," आणि मला खळ्याच्या पलीकडे घेऊन गेले.

त्या दिवशी मामीने नव्या तांदळाचा गोळाभात केला आणि पौषात, कुठला सण नसताना, मायने मामाला ओवाळलं. जेवताना मामा म्हणाला, "बाई, यापुढं गवत माह्याच खळ्यात निवीन. निवलं का घेऊन येईन."

"मंग भाऊबीज?" मायने विचारलं.

"तवाच करू न."

आणि तसंच झालं. गल्लीतल्या बायका दिवाळीत ओवाळायच्या, आमच्या घरी भाऊबीज पौषात व्हायची. लोक हसायचे, पौष काय सणाचा महिना आहे का म्हणायचे. दिवाळीत माय इतरांच्या भावांना येताना-जाताना बघायची, आणि तिला वाईट वाटायचं, ते दिसायचं; पण कोणी विचारलं तर म्हणायची, आमचं निवाचं आहे अजून. मग थंडीत एका दुपारी घुंगरं वाजायची. माय बांगड्या वर सारून गाडीत हात घालायची, आणि मामा शेजारी उभा राहून, निकाल लागेपर्यंत, परीक्षेच्या पोरासारखा तिच्या तोंडाकडे बघायचा. नंतर माझं लग्न झालं. शहरात सायकलरिक्षा वाढल्या, बाबांनी टांगा मोडला, म्हातारी रंगी मामाच्या बांधांवर चरायला कुहीला गेली आणि तिथेच गेली. आता मामाला दिवाळीत यायला काहीच हरकत नव्हती. तो तरी पौषातच यायचा, आणि मायही त्याला कधी दिवाळीत ये म्हणाली नाही.

मामा आधी गेला. माय त्यानंतर काही वर्षं होती, शेवटी माझ्याकडे. शेवटच्या दिवाळीत ती अंथरुणालाच होती आणि तिला कालचं आजचं नीट राहत नसे. भाऊबीजेच्या दुपारी शेजारच्या घरात ओवाळण्याची गडबड चालली होती, आवाज इकडे येत होते. तिला वाईट वाटेल म्हणून मी दार लोटून घेतलं आणि तिच्याजवळ जाऊन बसले. तिने माझ्याकडे पाहिलं आणि समजूत घालावी तशी म्हणाली, "तू काहून तोंड पाडून राहिली वं? लहानू आज नसते येत. गवत निवू दे, मंग येईन तो."

मी म्हटलं, "हो माय," आणि दार पुन्हा उघडलं.